जुन्या कॅमेऱ्याचा सरंजाम घरीच करताना

कपाटाच्या वरच्या कप्प्यात, पत्र्याच्या पेटीत, बंद पडलेल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत जुने फिल्म कॅमेरे अजून सापडतात. चंद्रपूर-गडचिरोलीही त्याला अपवाद नाही. कुणाकडे बडोद्याला बनलेला आग्फा क्लिक थ्री असतो, कुणाकडे रशियन झेनिट, कुणाकडे याशिका इलेक्ट्रो ३५. घरातली तरुण मंडळी तो बाहेर काढतात, रोल मागवतात आणि नेमके तेच प्रश्न घेऊन अडतात: याची बॅटरी कुठे मिळते? हूड हरवलाय, दुसरा बसेल का? मागचं झाकण उघडलं की काळा चिकट गाळ बोटांना लागतो, तो काय आहे? स्टँडचा बोल्ट का बसत नाही?

उटीच्या हिंदुस्थान फोटो फिल्म्सचे ‘इंदू’ रोल गेले, बडोद्याचे आग्फा गेले, त्यांच्याबरोबर सुटे भागही दुकानांतून गेले. तरी निराश होण्याचं कारण नाही. या कॅमेऱ्यांना लागणारा बराचसा सरंजाम हार्डवेअरच्या दुकानातून, शिंप्याकडून आणि बुरुडाकडून उभा राहतो. कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी मूकपटासाठी लागणारा अख्खा कॅमेराच स्वतः घडवला होता. त्यांचा ‘सैरंध्री’ १९२० साली पडद्यावर आला. त्या मानानं हूड आणि मोनोपॉड ही फारच लहान कामं आहेत.

एक अट मात्र पाळा. कॅमेऱ्याला भोक पाडायचं नाही, तासायचं नाही, डिंक लावायचा नाही. जे बनवाल ते काढून ठेवता आलं पाहिजे. जुना कॅमेरा एकदा कापला की त्याचा दुसरा नग मिळणं कठीण.

आधी मोजा, मग बनवा

साध्या पट्टीनं भागणार नाही. एक व्हर्निअर कॅलिपर घ्या, स्वस्तातला चालेल. कागदावर एवढं लिहून काढा:

- लेन्सच्या पुढच्या आट्यांचा व्यास. झेनिटच्या हेलिओस ४४-२ लेन्सला ४९ मिमी, इलेक्ट्रो ३५ ला ५५ मिमी. वर-खाली दोन लेन्स असलेल्या याशिका मॅटला आटेच नाहीत. तिथे ‘बे वन’ नावाची अडकवायची खाच असते.
- बॅटरीच्या कप्प्याचा व्यास आणि खोली. क्लिक थ्री आणि झेनिट ई यांना बॅटरी लागतच नाही, हे आधी पाहून घ्या.
- तळाच्या बोल्टाच्या भोकाची खोली. आगपेटीची काडी आत सोडून खूण करा.
- मागच्या झाकणाच्या खाचांची रुंदी आणि खोली.

पहिलं काम: कुजलेला फोम

साठ ते ऐंशीच्या दशकांतल्या बहुतेक जपानी कॅमेऱ्यांमध्ये झाकणाच्या कडेला उजेड अडवणाऱ्या फोमच्या पट्ट्या असतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं आणि दमटपणानं त्यांचा डांबरासारखा गाळ होतो. रोलवर बिजागरीच्या बाजूनं पांढरट-नारिंगी पट्टे येत असतील, तर गुन्हेगार बहुधा हाच.

आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बांबूची काडी किंवा टूथपिक जेमतेम ओली करा आणि गाळ थोडा थोडा खरवडून काढा. कॅमेरा उताणा धरू नका, नाहीतर कण शटरवर पडतात. शटरच्या पडद्याला बोट, काडी, कापूस यांपैकी काहीही लागू देऊ नका आणि हवेचा जोरदार झोतही मारू नका.

अरुंद खाचेत नवा फोम भरण्याची गरज नाही. काळ्या लोकरीचा एक धागा काडीनं दाबून बसवला की काम होतं. लोकर चिकटवावी लागत नाही आणि हवी तेव्हा काढता येते. बिजागरीकडच्या रुंद जागेसाठी काळ्या मखमलीची पट्टी कापा. झाकण बंद करताना जोर लावावा लागला, तर धागा जाड झाला असं समजा. झेनिटसारख्या रशियन कॅमेऱ्यांत खाचाच खोल असतात. तिथे गळती दिसल्याशिवाय काही भरू नका.

खात्री करायची असेल तर रोल भरलेला कॅमेरा, लेन्सवर टोपी ठेवून, दुपारच्या उन्हात पाच मिनिटं सगळ्या बाजूंनी फिरवा. मग पुढची फ्रेम ओढा. धुतल्यावर त्या जागी पट्टा नसेल तर पास.

हूड: पुठ्ठ्याचा, पण मापाचा

जुन्या लेन्सवर आजच्यासारखा थरांचा लेप नसतो. इथल्या मार्च-एप्रिलच्या उन्हात हूडशिवाय काढलेली छायाचित्रं फिकट पडतात, ती याच कारणानं. हूडचा खर्च नगण्य आणि फरक डोळ्यांना दिसणारा, म्हणून फोम झाल्यावर लगेच हाच बनवावा.

हूड नळकांड्यासारखा सरळ न करता पुढे उमलता करा. ३५ मिमी फिल्मवर ५० मिमीची लेन्स असेल, तर दर १० मिमी लांबीमागे तोंडाचा व्यास साधारण ९ मिमीनं वाढवा. ३५ मिमीच्या लेन्सला हेच माप साडेबारा मिमी लागतं, तर याशिका मॅटच्या ८० मिमी लेन्सला १० मिमी पुरतं. जुन्या फिल्टरची काच काढून उरलेली रिंग मिळाली तर तिच्यावर पुठ्ठा गुंडाळा. हूड आट्यांवर फिरवून बसतो आणि लेन्सला काहीच चिकटवावं लागत नाही.

काळा चार्ट पेपर वरून काळा दिसला तरी तिरप्या उजेडात चमकतो. आतून मखमल लावा, किंवा फळ्याला देतात तो मॅट काळा रंग द्या. काजळी फासू नका, ती सुटून लेन्सवर बसते.

रोल नसताना शटर ‘बी’वर ठेवून मागचं झाकण उघडा, लेन्सचं छिद्र लहान करा आणि फिल्मच्या चौकटीच्या चारही कोपऱ्यांतून डोळा लावून पाहा. हूडची कड दिसली तर तेवढी कापा. नुसत्या व्ह्यूफाइंडरवर विसंबू नका. बहुतेक एसएलआर पूर्ण चौकट दाखवत नाहीत. याशिका मॅटला खालच्या लेन्सचा हूड वरच्या लेन्सच्या वाटेत येत नाही ना, तेही बघा.

बॅटरी: व्होल्टेज आधी, आकार नंतर

इथे सगळ्यांत जास्त गोंधळ होतो. अनेक जुन्या लाइट मीटरला १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा ६२५ सेल लागायचा. पाऱ्याच्या विषारीपणामुळे तो बाजारातून गेला. त्याच मापाचा अल्कलाइन सेल मिळतो आणि बसतोही, पण तो १.५ व्होल्टचा असतो आणि वापरता वापरता उतरत जातो. मीटर चुकतं आणि दोष मात्र कॅमेऱ्याला दिला जातो.

तुमच्यापुढे तीन वाटा आहेत. श्रवणयंत्राचा ६७५ क्रमांकाचा झिंक-एअर सेल १.४ व्होल्टचा असतो आणि औषधांच्या मोठ्या दुकानांत मिळतो. त्याचा व्यास ११.६ मिमी, तर जुना सेल सुमारे १६ मिमीचा. मधली जागा नळाच्या रबरी वायसरनं भरा. सेलच्या भोकांवर काही दाबून बसवू नका, त्याला हवा लागते. स्टिकर काढल्यावर तो काही आठवडेच टिकतो आणि आपल्या कोरड्या उन्हाळ्यात त्याहून लवकर सुकतो. दुसरी वाट सिल्व्हर ऑक्साइड सेलला व्होल्टेज उतरवणारा शॉट्की डायोड जोडण्याची. रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणारा कारागीर ते करून देईल. तिसरी सर्वांत सोपी: मीटर विसरा आणि उजेडाचं कार्ड करा. ते पुढे सांगितलं आहे.

इलेक्ट्रो ३५ चं प्रकरण वेगळं. त्याला ५.६ व्होल्टचा सेल लागायचा, पण त्याचं सर्किट ६ व्होल्ट सहज सोसतं. ४एलआर४४ सेलभोवती पुठ्ठ्याची नळी गुंडाळा आणि उरलेल्या लांबीत जाड स्प्रिंग बसवा. टॉर्चमधली चालते.

मानवेलाचा मोनोपॉड आणि दोन सुती बोल्ट

बांबूच्या मुलखात राहून ॲल्युमिनियमचा मोनोपॉड विकत घेण्याची गरज नाही. फक्त बांबू निवडून घ्या. काटस बांबू पोकळ असतो, त्यात बोल्ट धरत नाही. मानवेल जवळजवळ भरीव निघतो; लाठीला तोच वापरतात आणि मोनोपॉडलाही तोच योग्य. बुरुडाकडून किंवा बाजारातून सरळ, पक्व, हिवाळ्यात तोडलेली काठी घ्या. कोवळ्या बांबूत साखर-पिठाचा अंश जास्त, त्यामुळे भुंगा लवकर लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवलेला बांबू टिकतो. चंद्रपूरजवळ चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे. बांबूवर हात बसवायचा असेल तर तिथे काय शिकवतात याची चौकशी करा.

काठीची लांबी तुमच्या डोळ्यांच्या उंचीपेक्षा वीतभर कमी ठेवा. खालच्या टोकाला म्हाताऱ्यांच्या काठीचं रबरी बूच. वरच्या टोकाला पेराच्या अगदी जवळ भोक पाडून बोल्ट एपॉक्सीनं बसवा आणि काठी फुटू नये म्हणून त्या टोकाला तार किंवा सुतळी घट्ट गुंडाळा. बोल्टवर मोठा वायसर आणि चामड्याचा तुकडा ठेवला की कॅमेऱ्याच्या तळाला ओरखडा येत नाही.

आता बोल्टाबद्दल, कारण नुकसान इथेच होतं. कॅमेऱ्याच्या तळाला पाव इंची, इंचाला २० आटे असलेला बोल्ट लागतो. दुकानात ‘दोन सुती’ म्हणून मागा आणि जुन्या इंची आट्यांचाच हवा हे बजावून सांगा. हल्ली सर्रास मिळणारा ६ मिमीचा मेट्रिक बोल्ट किंचित बारीक असतो; दोन फेरे सहज आत जातो आणि तिसऱ्याला कॅमेऱ्याचे आटे खातो. काही जुन्या युरोपीय कॅमेऱ्यांना तीन सुती, म्हणजे ३/८ इंची लागतो. आणि बोल्ट कॅमेऱ्यात ५ मिमीपेक्षा जास्त शिरता कामा नये. लांब बोल्ट आवळत गेलात तर तळ फुगतो किंवा आतल्या यंत्रणेला टेकतो.

काठी न्यायची नसेल तर त्याच बोल्टाला मजबूत दोरी बांधा, दुसऱ्या टोकाला मोठा वायसर. वायसरवर पाय ठेवून कॅमेरा वर ताणला की हात बराच स्थिर होतो.

ताडोब्याच्या जिप्सीत मोनोपॉडपेक्षा बीन बॅग कामाची. जुन्या जीन्सचा पाय कापून शिंप्याकडून दुहेरी शिवून घ्या, एका टोकाला चेन. आत जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत दोन किलो धान किंवा हरभरा. पावसाळ्यात धान्याला सोंडे लागतात. हंगाम संपला की पिशवी रिकामी करा.

उजेडाचं कार्ड

ताडोब्याच्या गाभा क्षेत्रात मोबाइल नेता येत नाही. म्हणजे मोबाइलमधल्या लाइट मीटरवर चालणाऱ्यांची पंचाईत. खिशात मावेल असं कार्ड करा. ४०० आयएसओचा रोल आणि शटर १/५०० असेल तर:

- लख्ख ऊन, ठळक सावल्या: एफ/१६
- पातळ ढग, मऊ सावल्या: एफ/११
- ढगाळ, सावली नाही: एफ/८
- दाट ढग: एफ/५.६
- मोकळ्या आकाशाखालची सावली: एफ/४

बांबूच्या दाट बेटात किंवा सूर्योदयाआधी याहून दोन-तीन पायऱ्या (स्टॉप) जास्त उजेड द्यावा लागेल. शंका आली तर निगेटिव्ह रोलला जास्तच द्या. कमी उजेडात काढलेलं मागाहून सावरत नाही.

क्लिक थ्रीमध्ये ३५ मिमीचा रोल

क्लिक थ्रीला १२० ची फिल्म लागते आणि एका रोलवर १२ चौकोनी छायाचित्रं येतात. ती फिल्म महाग पडते, म्हणून अनेकांना ३५ मिमीचा रोल घालावासा वाटतो. ते जमतं. रोलच्या दोन्ही बाजूंना बाटलीच्या बुचांचे किंवा घट्ट फोमचे तुकडे लावून तो मधोमध बसवा, पुढचं टोक १२० च्या रिकाम्या रिळावर टेपनं चिकटवा. भोकांच्या रांगांसकट पट्टीभर चित्र मिळतं.

अडचणी दोन. रोलला मागे कागद नसल्यामुळे लाल खिडकीतून उजेड थेट फिल्मवर पडतो. ती काळ्या टेपनं पूर्ण बंद करा. आणि आकडे दिसत नसल्यामुळे किती फेरे फिरवायचे ते एखाद्या वाया गेलेल्या फिल्मवर आधी मोजून घ्या. शेवटी रोल अंधारातच काढावा लागतो. १२० ची फिल्म वापरत असलात तरी लाल खिडकीवर टेपचा पडदा ठेवा आणि फक्त फिल्म पुढे सरकवताना, सावलीत उचला.

अंधारासाठी काळी पिशवी शिवता येते: जाड काळ्या कापडाचे दोन थर, एकाच्या शिवणी दुसऱ्यावर येणार नाहीत अशा, बाह्यांना दुहेरी इलॅस्टिक. रात्री खोलीत अंधार करून पिशवीत पेटता टॉर्च ठेवा. जिथून ठिपका दिसेल तिथे शिवण पक्की करा. मे महिन्यात हाताला घाम सुटून फिल्म चिकटते, तेव्हा हे काम पहाटे करावं.

झाडीपट्टीचं जिलेटिन

कृष्णधवल रोलवर आकाशातले ढग उठून दिसायला पिवळा किंवा लाल फिल्टर लागतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे झाडीपट्टी रंगभूमीचं मोठं केंद्र. नाटकाच्या दिव्यांपुढे लावतात त्या रंगीत जिलेटिनचा हातभर तुकडा प्रकाशयोजना करणाऱ्यांकडून मिळू शकतो. सुरकुती नसलेला भाग कापा, पुठ्ठ्याच्या दोन चकत्यांमध्ये धरा आणि हूडच्या आत बसवा. काचेच्या फिल्टरइतकी स्वच्छता येणार नाही, पण रंगांचा परिणाम शिकायला उत्तम.

पिवळ्यासाठी साधारण एक पायरी आणि गडद लालसाठी तीन पायऱ्या उजेड वाढवा. इलेक्ट्रो ३५ चा उजेड मोजणारा डोळा लेन्सबाहेर आहे, त्याला फिल्टर कळत नाही. तिथे पिवळ्या फिल्टरसाठी ४०० चा रोल २०० वर लावा.

पिनहोल: एका टोपीत

झेनिटची लेन्स काढून तिथे बसणारी प्लॅस्टिकची टोपी घ्या. मधे मोठं भोक पाडून आतल्या बाजूनं सूक्ष्म छिद्र असलेला पत्रा लावा. टोपी नवी आणि स्वस्त, म्हणून तिला भोक पाडायला हरकत नाही. पत्रा थंड पेयाच्या डब्याचा. बारीक सुईच्या टोकानं टोचा, उठलेली कड बारीक पॉलिश पेपरनं घासा, पुन्हा टोचा. झेनिटसाठी छिद्र ०.३ मिमीचं हवं. घरच्या स्कॅनरवर २४०० डीपीआयला ते सुमारे २८ पिक्सेल रुंद दिसलं पाहिजे.

हे छिद्र जवळजवळ एफ/१५० भरतं. लख्ख उन्हात १०० च्या रोलला सुमारे एक सेकंद लागतो; लांब उघडझापीत फिल्म मंदावते, म्हणून दोन सेकंद द्या. मार्कंड्याची देवळं किंवा जुनोना तलाव अशा स्थिर विषयांना हे साजतं.

मे आणि जुलैचा बंदोबस्त

मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, जुलैत हवा ओली होते. दोन्ही ऋतूंचे शत्रू वेगळे.

उन्हाळ्यात रोल गाडीत ठेवू नका. गावोगाव फिरताना हवाबंद डब्यात रोल ठेवून डब्याला ओलं सुती कापड गुंडाळा आणि सावलीत, वाऱ्यावर ठेवा. कोरड्या हवेत याचा चांगला उपयोग होतो, पावसाळ्यात अजिबात नाही. फ्रीजमधला रोल डबी न उघडता दोन-तीन तास बाहेर ठेवून मगच भरा.

पावसाळ्यात बुरशीपासून सांभाळा. चामड्याच्या कव्हरमध्ये कॅमेरा ठेवणं ही सर्वांत घातक सवय. चामडं ओल धरतं आणि लेन्सवर जाळी पसरते. रबरी कडेचा हवाबंद डबा, तळाशी सिलिका जेल, आत छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवा. जेलचा रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांवर काही तास तापवा. आठवड्यातून एकदा प्रत्येक वेगावर शटर दाबून बघा.

हे टाळा

- फेविक्विक लेन्सजवळ नको. त्याची वाफ काचेवर पांढरा थर धरते.
- साधी इलेक्ट्रिक टेप कॅमेऱ्याच्या चामड्यावर ठेवू नका, उन्हात डिंक वितळतो. कापडी टेप वापरा आणि काम झालं की काढा.
- थ्रीडी प्रिंटरवर भाग काढून घेत असाल तर पीएलए प्लॅस्टिक नको. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. बंद गाडीत मे महिन्यात तेवढं तापमान होतं. पीईटीजी किंवा एबीएस मागा.
- जुना फ्लॅश उघडू नका. सेल काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असतात.

परवानगी आणि तुमचे हक्क

राखीव जंगलातून स्वतः बांबू तोडून आणणं गुन्हा ठरतो. वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या ग्रामसभा मात्र बांबू विकू शकतात. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २०११ साली वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला. अशा ग्रामसभेकडून घेतलात तर पावती जवळ ठेवा.

पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या वास्तूंमध्ये हातातल्या कॅमेऱ्याला सहसा अडवत नाहीत, ट्रायपॉडला परवानगी विचारतात. मोनोपॉडबद्दल दारावरच विचारून घ्या. आयुधनिर्माणी, पोलीस ठाणी आणि ‘छायाचित्रणास मनाई’ असे फलक असलेल्या जागा टाळा.

पिनहोलचा डबा महिनोन्‌महिने झाडाला बांधून सूर्याची वाट टिपण्याची हौस अनेकांना असते. गडचिरोलीत रस्त्याकडेला, पुलाजवळ किंवा जंगलात काळ्या टेपनं गुंडाळलेला बेवारस डबा दिसला तर तो स्फोटक समजला जाऊ शकतो. लोक घाबरतील आणि जवानांचा जीव टांगणीला लागेल. डबा फक्त स्वतःच्या छतावर किंवा अंगणात लावा, त्यावर नाव आणि फोन नंबर मराठीत ठळक लिहा आणि शेजाऱ्यांना, पोलीस पाटलांना सांगून ठेवा.

विमानानं जाताना रोल हातातल्या बॅगेत, पारदर्शक पिशवीत ठेवा आणि हातानं तपासण्याची विनंती करा. ती मानायची की नाही हे तपासणाऱ्यावर अवलंबून असतं.

रोल धुण्यासाठी बाहेरगावी पाठवताना किंवा कॅमेरा दुरुस्तीला देताना पावतीवर मॉडेल, क्रमांक आणि रोलांची संख्या लिहून घ्या, पॅक करण्यापूर्वी फोटो काढा. पैसे देऊन घेतलेल्या सेवेत निष्काळजीपणा झाला, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. चंद्रपूर आणि गडचिरोली, दोन्हीकडे आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहता येते.